झुंबरातलं 'क्रिस्टल' म्हणजे नेमकी कुठली काच?

चांदणचुरा

आत्याचं झुंबर आता माझ्याकडे आलं आहे. आलं म्हणजे पितळी सांगाडा एका पोत्यात आणि लोलक तीन पत्र्याच्या डब्यांत, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले. आठ दांड्या, आठ काचेच्या वाट्या आणि मोजून एकशे बारा लोलक. गेले चार दिवस संध्याकाळी टेबलावर पांढरी चादर अंथरून एकेक धुतेय आणि पुसतेय.

धुताना लक्षात आलं की हे सगळे एका जातीचे नाहीत. काही हाताला चांगलेच जड आहेत, त्यांच्या कडा बोटाला टोचतील इतक्या रेखीव आहेत. खिडकीतल्या उन्हात धरले की समोरच्या भिंतीवर रंगांचा सडा पडतो. काही तेवढेच मोठे, पण हलके. त्यांच्या कडा साबणाची वडी वापरून झिजावी तशा गोलसर, आणि एका बाजूने वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक शिवण. पांढऱ्या चादरीवर ठेवले की ते किंचित जांभळट दिसतात. पंधरा-वीस लोलक फुटलेले किंवा हरवलेले आहेत. त्या जागी लावून बघायला सहा नवे आणले. विकणाऱ्याने ते 'के९ क्रिस्टल' म्हणून दिले. ते पाण्यासारखे स्वच्छ आहेत, पण जुन्या जड लोलकांच्या शेजारी टांगले की काहीतरी कमी वाटतं. काय कमी आहे ते मला सांगता येत नाही.

तर माझे प्रश्न: क्रिस्टल म्हणजे काय? काच आणि क्रिस्टल या दोन वेगळ्या वस्तू आहेत का? जांभळट रंग कशाचा? आणि क्रिस्टलमध्ये शिसं असतं असं ऐकलंय. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, तर काळजी करायची का?

गारगोटी

चांदणचुरा ताई, धागा काढलात ते छान झालं. माझा विषय रसायनशास्त्र, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

क्रिस्टल ही काचच आहे, आणि त्यात क्रिस्टल म्हणजे स्फटिक अजिबात नसतो. स्फटिकात अणू ठरलेल्या चौकटीत, ओळीने बसलेले असतात. काचेत ते जसे वितळलेल्या रसात होते तसेच विस्कळीत गोठलेले असतात. मग हे नाव कुठून आलं? खऱ्या स्फटिकावरून, म्हणजे आपण ज्याची माळ करतो त्या पारदर्शक गारेवरून. ग्रीक लोक त्याला 'क्रिस्टलोस' म्हणजे बर्फ म्हणायचे. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकातल्या अतिश्रीमंत घरांतल्या झुंबरांना खरोखरच खाणीतून काढलेल्या स्फटिकाचे लोलक असत. काच त्याच्याइतकी स्वच्छ जमायला लागली तेव्हा त्या काचेला त्याचंच नाव मिळालं.

आता घटक. काचेचा मूळ माल वाळू, म्हणजे सिलिका. ती एकटी वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. त्यात सोडा घातला की ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते, पण मग काच पाण्याला टिकत नाही. म्हणून चुना घालतात. वाळू, सोडा आणि चुना यांची काच म्हणजे आपली खिडकीची, बाटलीची, रोजच्या पेल्याची काच. क्रिस्टलमध्ये चुन्याच्या जागी शिशाचं ऑक्साइड येतं आणि बहुधा सोड्याच्या जागी पोटॅश, म्हणजे लाकडाच्या राखेत सापडणारा क्षार. भरपूर शिशाच्या काचेत वजनाने निम्म्याहून थोडी जास्त वाळू, ३० टक्के शिशाचं ऑक्साइड आणि बाकी बहुतेक पोटॅश असतं.

हे शिसं भट्टीत कुठल्या रूपात जातं माहीत आहे? शेंदूर! खरा शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं पिवळट ऑक्साइड, घातलं तरी चालतं, पण शेंदरात ऑक्सिजन जास्त असतो. ऑक्सिजन कमी पडला तर भट्टीत शिशाचा पुन्हा धातू होतो आणि काच काळवंडते. लालभडक पूड टाकायची आणि पाण्यासारखी पारदर्शक काच काढायची, याचं मला अजूनही नवल वाटतं.

वर्गवारी म्हणाल तर युरोपात १९६९ साली एक निर्देश निघाला, त्यातली व्याख्या तिथे आजही वापरली जाते. शिशाचं ऑक्साइड ३० टक्के किंवा जास्त आणि घनता किमान ३.००, तर 'पूर्ण शिसे क्रिस्टल'. किमान २४ टक्के आणि घनता २.९०, तर 'शिसे क्रिस्टल'. त्याखाली आणखी दोन पायऱ्या आहेत. त्यांत शिसं नसलं तरी चालतं, पण जस्त, बेरियम, पोटॅशियम अशांची ऑक्साइडं मिळून किमान १० टक्के हवीत. थोडक्यात, शिसं नसलेलं क्रिस्टल असू शकतं आणि त्यात फसवणूक नाही. हा निर्देश मुळात पेले आणि काचभांड्यांसाठी होता. पुढे विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवर युरोपने बंधनं आणली, तेव्हा क्रिस्टल काचेत बांधलेल्या शिशाला सूट दिली आणि त्यासाठी हीच व्याख्या घेतली. त्या वाटेने ती झुंबरांपर्यंत पोचली.

रानवाट

छान माहिती, गारगोटी! मग सोपं आहे की. जितकं शिसं जास्त तितका लोलक अस्सल. ३० टक्केवाले शोधा, बाकीचे सोडून द्या.

सहाण

रानवाट, इथे मी थोडा अडवतो. मी गेली अनेक वर्षं जुनी झुंबरं दुरुस्त करतो. ३० टक्के शिशाचे, पण अगदी निस्तेज लोलक माझ्या हातून गेले आहेत. आणि अजिबात शिसं नसलेले, तरीही नजर खिळवून ठेवणारेही गेले आहेत. फरक पैलूंमध्ये असतो.

ताई, तुमच्या हलक्या लोलकांवर जी शिवण आहे ना, ती साच्याची. लालबुंद काचेचा गोळा दोन भागांच्या लोखंडी साच्यात दाबला, की पैलू आपोआप उमटतात. पण काच निवताना आकसते, कडा गोल होतात आणि सपाट दिसणारा प्रत्येक पैलू किंचित खोलगट किंवा फुगीर राहतो. हाताने किंवा यंत्राने पाडलेला पैलू खरोखर सपाट असतो. जुन्या पद्धतीत आधी लोखंडी चाकावर ओली वाळू सोडून काच खात जायची, मग दगडी चाकावर ती गुळगुळीत करायची. शेवटी लाकडाच्या किंवा बुचाच्या चाकावर बारीक पूड लावून झिलई. पुढे झिलईसाठी आम्लात बुडवायची रीत आली. तिच्यात वेळ वाचतो, पण आम्ल कडाही थोड्या खातं.

घरी बघायचं असेल तर लोलक दिव्याखाली तिरका धरा आणि एकाच पैलूत दिव्याचं प्रतिबिंब बघा. प्रतिबिंब सरळ, न वाकता दिसलं तर पैलू चाकावर पाडलेला. जत्रेतल्या आरशासारखं लांबट, वाकडं झालं तर साच्यातला. कडेवर नख फिरवा. दोन पैलू जिथे भेटतात तिथे एकच बारीक रेघ लागायला हवी. आणि जिथे तीन पैलू भेटतात ते टोक बघा. नीट कामात तिन्ही रेघा एका बिंदूत येतात, घाईच्या कामात चुकतात.

शिशाची काच नरम असते, चाकावर लोण्यासारखी चालते असं जुने कारागीर म्हणत. पैलू पाडणाऱ्यांना ती आवडायचं हे मोठं कारण होतं. म्हणजे शिसं आणि चांगले पैलू पूर्वी बहुधा जोडीने यायचे, म्हणून श्रेय सगळं शिशाला गेलं.

तिरपा_किरण

सहाण यांनी सांगितलं त्यामागचं प्रकाशशास्त्र लिहितो. शाळेत आपण ज्याला लोलक म्हणून शिकलो तो शब्द मूळ लोंबत्या वस्तूचा. लोंबतो, डोलतो तो लोलक. प्रयोगशाळेतल्या त्रिकोणी काचेने हे नाव नंतर घेतलं.

लोलकात प्रकाशाचं तीन प्रकारे काम होतं. काही प्रकाश पैलूवरून आरशासारखा परततो. काही आत शिरून मागच्या पैलूंवर आपटतो आणि कोन योग्य असेल तर पूर्णपणे आतच परततो. आणि बाहेर पडताना त्याचे रंग सुटे होतात. हे तिन्ही किती होणार ते अपवर्तनांकावर, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते ते सांगणाऱ्या आकड्यावर ठरतं.

साध्या काचेचा अपवर्तनांक १.५२च्या आसपास, शिशाच्या क्रिस्टलचा साधारण १.५५ ते १.५८. आकडे बघून वाटेल, एवढ्याशा फरकाने काय होतं? पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशात खरंच फार फरक नाही. सव्वाचार टक्क्यांचे पाच टक्के होतात, एवढंच. पण रंग सुटे होण्यात फरक मोठा आहे. शिशाचा अणू भला मोठा, त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा ढग प्रकाशाच्या लहरीने सहज हलतो. निळ्या रंगाची लहर त्याला तांबड्यापेक्षा जास्त हलवते. त्यामुळे निळा जास्त वळतो, तांबडा कमी, आणि दोघांमधलं अंतर वाढतं. यालाच अपस्करण म्हणतात.

आता ताईंच्या 'काहीतरी कमी वाटतं' या वाक्याकडे येतो, कारण ते अगदी अचूक निरीक्षण आहे. के९ हे चिनी प्रकाशीय काचेचं वर्गनाव आहे. भिंगांसाठी जगभर वापरली जाणारी बोरोसिलिकेट काच असते तिचाच हा भाऊबंद. अपवर्तनांक १.५१६८, म्हणजे खिडकीच्या काचेएवढाच. आणि भिंगाच्या काचेचा गुण कोणता? तिने रंग सुटे करू नयेत! दुर्बिणीत किंवा कॅमेऱ्यात रंगांच्या कडा दिसल्या तर तो दोष. म्हणून के९ची रचनाच कमी अपस्करणाची आहे. शिशाचं क्रिस्टल तिच्या साधारण दीडपट रंग पसरवतं. तुमचे नवे लोलक स्वच्छ आहेत, तेजही देत असतील, पण जुन्यांच्या पोटातली ती रंगांची ठिणगी त्यांच्यात कमी आहे. डोळ्यांनी तुम्हाला बरोबर सांगितलं.

आणखी एक. लोलक हातात धरून बघितला तर रंग कमी दिसतात, दुरून जास्त. जवळून सगळे रंग एकदमच डोळ्याच्या बाहुलीत शिरतात आणि मिळून पांढरे होतात. दूर गेल्यावर पट्टा पसरतो आणि बाहुलीत एका वेळी एखादाच रंग मावतो. मान जरा हलवली की हिरव्याचा केशरी होतो. म्हणून झुंबर उंचावर शोभतं.

चांदणचुरा

तिरपा_किरण, हे वाचून लगेच उठून बघितलं. जुना लोलक खिडकीत टांगला आणि चालत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. जवळ होते तेव्हा नुसता पांढरा चमकत होता. दारापाशी पोचले तर एकच ठिपका, गडद निळा. अर्धं पाऊल डावीकडे सरकले तर हिरवा. बाळाला कडेवर घेऊन तेच पाच-सहा वेळा केलं. त्याने प्रत्येक वेळी बोट दाखवलं.

पण मग जड ते शिशाचे आणि हलके ते साधे, हे नक्की कसं ठरवायचं? अंदाजाने नको. मला खात्री हवी आहे.

गारगोटी

खात्री घनतेने होते, आणि त्यासाठी डिजिटल वजनकाटा आणि दोरा एवढंच लागतं.

आधी लोलकाची तारेची आकडी काढा आणि कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. लोलक दोऱ्याने धरून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भांड्याच्या बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे ग्रॅम पाणी लोलकाने बाजूला सारलं, म्हणजे तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. लोलक छोटा असेल तर एकाच जातीचे पाच-सहा एकत्र बांधा, नाहीतर काट्याची अर्ध्या ग्रॅमची चूक सगळं उत्तर बिघडवते. आणि लोलकाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटका.

साधी काच २.५च्या आसपास येईल, के९ २.५२. २.९च्या वर गेलं तर शिसं, ३च्या वर गेलं तर भरपूर शिसं. खरा खाणीतला स्फटिक २.६५. आणि १.२च्या आसपास आलं तर ते अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक.

खरा स्फटिक निघाला तर ओळखायची एक सुंदर खूण आहे. त्यातून बारीक रेघेकडे बघताना लोलक फिरवत राहिलं तर काही दिशांनी रेघ दुहेरी दिसते. काचेतून ती कधीच दुहेरी दिसत नाही.

रानवाट

टिचकी मारून आवाज ऐकतात ना? क्रिस्टल खणखणतं म्हणे.

सहाण

पातळ पेल्याला टिचकी मारा, शिशाचा पेला लांबवर घुमतो, ते खरं. लोलक हा भरीव गोळा. तो कुठल्याही काचेचा असला तरी 'टक' म्हणून गप्प बसतो. दोन लोलक एकमेकांवर आपटून आवाज ऐकायच्या नादात टवके उडालेले मी फार पाहिलेत. कृपा करून ती परीक्षा नको.

जुन्या_पानांतून

इतिहासाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. ती माहीत असली की जुनं झुंबर कुठल्या वळणाचं आहे हे ओळखता येतं.

व्हेनिसने आपल्या काचभट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवल्या. पंधराव्या शतकाच्या मध्याला तिथे आंजेलो बारोविएर याच्या नावाशी जोडलेली 'क्रिस्टालो' काच झाली. ती सोड्याची होती, शिशाची नव्हे. पूर्वेकडून आणलेल्या खाऱ्या वनस्पतींची राख शुद्ध करून वापरायची आणि काचेतला हिरवटपणा घालवायला मँगनीज घालायचं. ही काच गरम असताना फार लवचीक, पण बारीक आणि पातळ. चाकावर धरून खोल पैलू पाडावेत अशी नाही. म्हणून मुरानोच्या झुंबरांत पैलूदार लोलक नसतात. तिथे फुंकून आणि चिमट्याने ओढून केलेली फुलं, पानं, वळणदार दांड्या असतात.

बोहेमियात जंगलं अफाट. लाकडाच्या राखेतलं पोटॅश वापरून तिथे जाड, कडक, स्वच्छ काच होऊ लागली. प्रागच्या दरबारात कास्पार लेहमान हा रत्नांवर कोरीव काम करणारा माणूस होता. त्याने तीच चाकं काचेवर चालवली आणि १६०९ मध्ये त्याला त्या कामाचा खास परवाना मिळाला. पोटॅशची काच आणि चाकाची कला या दोन गोष्टींवर पुढची बोहेमियन झुंबरं उभी राहिली.

शिशाची गोष्ट इंग्लंडची. जहाजांसाठी लाकूड वाचवायला १६१५ मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी आली आणि भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या. लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं. पण त्याचे पहिले पेले काही महिन्यांत आतून बारीक तड्यांच्या जाळ्याने भरून गेले, कारण अल्कली, म्हणजे सोडा-पोटॅशसारखे क्षार, जास्त झाली होती. मग त्याने मिश्रणात शिशाचं ऑक्साइड वाढवलं आणि काच टिकली. काच सुधारल्यावर त्याने पेल्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहर उमटवायला घेतली, कारण त्याच्या आडनावातल्या 'रेव्हन'चा अर्थच तो. काचेला तडे जाऊन नाव बुडालेलं असताना पुन्हा भट्टी पेटवणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

पुढे १७४५ पासून इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार कर होता, तो १८४५ मध्ये उठला. जड शिशाच्या काचेवर वजनाचा कर! जाडजूड दांड्या महागात पडू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची इंग्लिश झुंबरं बघा. वरून तंबूसारख्या आणि खाली पिशवीसारख्या, छोट्या छोट्या मण्यांच्या माळाच माळा. या घडणीला कराचा हातभार लागला असं मानतात.

चांदणचुरा ताई, तुमच्या झुंबराच्या दांड्या काचेच्या आहेत की धातूच्या? धातूची चपटी पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना काच बसवलेली असेल तर ती 'मारिया थेरेसा' घडण. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचं नाव आहे ते.

चांदणचुरा

@जुन्या_पानांतून, पितळी गोल नळीच्या दांड्या आहेत, वर काच नाही.

आणि मोजणी झाली! रविवारची सगळी दुपार गेली. प्रत्येक जातीचा सगळ्यात मोठा लोलक घेतला आणि प्रत्येकाचं तीनदा मोजलं.

जड, रेखीव: कोरडा ११८ ग्रॅम, पाण्यात ३८. भागाकार ३.१.
जांभळट, शिवणवाला: ९६ आणि ३९. म्हणजे २.४६.
नवा के९: ७६ आणि ३०. म्हणजे २.५३.

तिन्ही वेळा जवळपास तेच आलं. म्हणजे आत्याच्या झुंबरात एकाहत्तर लोलक पूर्ण शिसे क्रिस्टल आणि बाकीचे एकेचाळीस साधी काच. मग डोक्यात आलं की ते एकेचाळीस नंतर कुणीतरी घातलेले असणार. त्यांच्या आकड्यासुद्धा वेगळ्या आहेत, लोखंडी, गंजलेल्या. जड लोलकांच्या पितळी आहेत. हे इतके दिवस समोर असून दिसलं नव्हतं.

गारगोटी

व्वा, काय नेटकं काम केलंत! ३.१ म्हणजे शंकाच नाही.

जांभळट रंगाचं उत्तर जुन्या_पानांतून यांच्या पोस्टमध्येच दडलंय. वाळूत लोह असतं, ते काचेला हिरवट करतं. तो हिरवटपणा मारायला मँगनीज घालत, म्हणून त्याला काचवाल्यांचा साबण म्हणायचे. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की अतिनील किरणांनी त्या मँगनीजची स्थिती बदलते आणि काच हळूहळू जांभळी होते. विसाव्या शतकात त्या कामाला सेलेनियम वगैरे आल्यावर मँगनीज मागे पडलं. तुमचं झुंबर बहुधा खिडकीजवळ टांगलेलं असणार, आणि हे 'नंतरचे' लोलकसुद्धा बरेच जुने असावेत. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात त्यांच्यावर मारून बघा. मँगनीजची काच बहुधा हिरवट उजळते.

आता बाळाचा प्रश्न. शिसं काचेच्या जाळ्यात बांधलेलं असतं. हात लावल्याने किंवा खोलीत टांगल्याने ते हवेत येत नाही. ते सुटतं आम्लात, म्हणून शिशाच्या सुरईत मद्य किंवा फळांचा रस साठवून ठेवू नये म्हणतात. झुंबराला तो प्रश्न नाही. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. लोलक बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका, आणि टवका उडालेला लोलक घरी घासू नका. घासताना उडणारी पूड हा खरा धोका. धुवून झालं की हात साबणाने धुवा. आणि फुटलेले तुकडे बाटल्यांच्या काचेत टाकू नका. ते वितळवताना इतर काचेत शिसं मिसळतं.

सहाण

धुण्याबद्दल माझंही ऐका. पाणी कोमटच हवं, भांडं प्लास्टिकचं, तळाशी जाड टॉवेल. थंड लोलक एकदम कढत पाण्यात गेला तर आतून तडकतो, आणि जाड लोलक आधी तडकतो. शेवटचं पाणी क्षार नसलेलं घ्या, नाहीतर प्रत्येक पैलूवर थेंबाचा पांढरा डाग राहतो. पुसायला सुती हातमोजे घालून हातानेच पुसणं सगळ्यात सोपं.

अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा पितळेजवळ आणू नका. वाकवलेल्या पितळी तारेत ताण असतो, अमोनियाने ती तार हळूहळू ठिसूळ होऊन तुटते. लोलक चकचकीत राहतो आणि एके रात्री खाली येतो. तुमच्या जुन्या पितळी आकड्या एकेक वाकवून बघा. ज्या कडक वाटतील त्या बदला. लोखंडी सगळ्याच बदला.

रानवाट

मी सुरुवातीला टक्केवारीवर अडलो होतो, ते मागे घेतो. एक विचारतो. बाजारात 'स्ट्रास' म्हणतात ते काय? आणि आताचे नामांकित लोलक शिशाचेच असतात का?

जुन्या_पानांतून

स्ट्रास हे माणसाचं आडनाव. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये गेओर्ग फ्रीडरिख स्ट्रास नावाचा जवाहिऱ्या होता. शिशाच्या काचेचे खोटे हिरे तो इतके छान करायचा की त्या काचेलाच त्याचं नाव पडलं. पुढे ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीने आपल्या झुंबराच्या लोलकांसाठी ते नाव वापरलं. डॅनिएल स्वारोव्स्कीने १८९२ मध्ये विजेवर चालणाऱ्या पैलू पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९५ मध्ये वाटेन्स गावी कारखाना काढला. सहाण म्हणतात त्या 'तीन रेघा एका बिंदूत' यंत्राने हजारो वेळा सारख्या येऊ लागल्या त्या तिथे. या कारखान्याने २०१२ च्या सुमारास आपल्या क्रिस्टलमधलं शिसं काढून टाकलं. इजिप्तच्या अस्फूरचे लोलक मात्र ३० टक्के शिशाचे म्हणून ओळखले जातात.

तिरपा_किरण

आणि सगळं झाल्यावर दिवे कुठले लावणार, ताई? काचेवर एवढी मेहनत घेतलीत म्हणून मुद्दाम विचारतो.

लोलकाचा प्रत्येक पैलू म्हणजे एक छोटा आरसा, आणि तो दिव्याचंच प्रतिबिंब दाखवतो. दिवा बारीक आणि प्रखर, तर ठिणगीही बारीक आणि प्रखर. मेणबत्तीची ज्योत लहान होती आणि हलत होती, म्हणून जुनी झुंबरं जिवंत वाटायची. दुधी काचेचा मोठा बल्ब लावला तर प्रत्येक पैलूत एक पांढरा ढग दिसतो. रंग सुटे होतात, पण एवढ्या पसरट ढगात ते पुन्हा एकमेकांवर सांडून पांढरे होतात. मग लोलक शिशाचा काय, साधा काय, सारखाच. पारदर्शक काचेचे, आत बारीक तंतू दिसणारे एलईडी घ्या.

चांदणचुरा

एकाहत्तर जड लोलक सगळे बाहेरच्या आणि खालच्या कड्यांवर लावले, जिथे नजर जाते. जांभळट एकेचाळीस टाकवेनात, कारण ते आत्याच्या आधीच्या कुणीतरी विचारपूर्वक शोधून बसवले असणार. ते वरच्या कड्याला, छताजवळ. के९चे सहा परत डब्यात ठेवले.

आज पारदर्शक बल्ब लावले. दुधी बल्ब एकाच दांडीवर मुद्दाम ठेवून बघितला. त्याच्या खालचे लोलक झोपलेले दिसत होते, शेजारच्या दांडीखालचे जागे. काढून टाकला. बाळ खाली चादरीवर पडून वर बघत होतं, पंख्याच्या वाऱ्याने लोलक हलले की त्याच्या पोटावरून एक हिरवा ठिपका सरकत जात होता आणि ते तो पकडायला बघत होतं.

@सहाण, आकड्या बदलताना सात तारा हातातच तुटल्या. सातही पितळी.